डेक सुकता सुकेना

दुसऱ्याच्या बोटीवर न विचारता चढू नये, हा बोटींच्या यार्डातला पहिला नियम. आणि चढलंच, तर निदान पालथं पडून तिच्या डेकला कान लावू नये, असा काही नियम नव्हता. असं कोणी करील हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

टकटक नेमकी तेच करत होती.

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. यार्डात सगळे तिला टकटकच म्हणत, कारण तिच्या खिशात कायम एक छोटी हातोडी असे आणि दिसेल त्या बोटीवर ती ठोकून बघे. फायबरच्या बोटीचा डेक म्हणजे एक सँडविच असतं. वर फायबरचा पातळ थर, खाली तसाच थर, आणि मधे बाल्साचं हलकंफुलकं लाकूड. वरून सगळं कसं चकचकीत! पण एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी आत झिरपतं आणि मधलं लाकूड गुपचूप कुजत जातं. चांगल्या डेकवर हातोडी मारली की 'टक्' वाजतं, कुजलेल्यावर 'थप्'. शास्त्र एवढंच. पण 'टक्' कुठे संपतं आणि 'थप्' कुठे सुरू होतं, हे ओळखायला कान लागतो. तो तिला होता, आणि त्या कानाचा तिला थोडा गर्वही होता.

त्या सकाळी ती फळीवरून एका बोटीतून पलीकडच्या बोटीत निघाली होती. वाटेत ही जुनी शिडाची बोट होती, टेकूंवर उभी, नुकतीच कोणीतरी विकत घेतलेली. तिच्यावर पाय पडला आणि... पाय किंचित दबला. अगदी किंचित. दुसरी कोणी असती तर पुढे गेली असती. टकटकनं हातोडी काढली आणि ती पालथी झाली.

"माझ्या बोटीला ताप आहे का?"

शिडीवरून एक डोकं वर आलं होतं. नीट भांग पाडलेला, दाढी गुळगुळीत, आणि डोळ्यांत मावत नसलेलं हसू.

"श्श!" ती म्हणाली.

"नाही, म्हणजे... तुम्ही कान लावून—"

"एक मिनिट गप्प बसा हो. आणि तिथे पाय टाकू नका. तिथे 'थप्' आहे."

तो खरोखरच गप्प बसला. शिडीच्या वरच्या पायरीवर, एक पाय अधांतरी, स्वतःच्याच बोटीवर यायची परवानगी मागत असल्यासारखा. टकटक ठोकत गेली, खडूनं गोल करत गेली. पहिला गोल ताटाएवढा होता. मग तो परातीएवढा झाला. मग दोन गोल एकमेकांना भेटले.

"इतकं?" त्यानं हळूच विचारलं.

"इतकं."

"विकणारा म्हणाला होता, बोट ठणठणीत आहे."

"वरून आहे की."

"हं..." त्यानं मान हलवली. "आमच्याकडेही हेच. वरून पांढराशुभ्र, आणि आत बघावं तर—"

"तुमच्याकडे म्हणजे?"

"दातांचा डॉक्टर आहे मी."

टकटकला इतकं हसू आलं की हातातला खडू घरंगळत शिडीपाशी गेला. "मग तुम्हाला समजावत बसायला नको! कीड काढायची, पोकळी सुकवायची, भरायचं, वरून झाकण."

"आणि भूल?"

"ती तुम्हाला द्यावी लागेल. डेक कापताना मालकांना बघवत नाही."

तो हसला. खाली वाकून त्यानं खडू उचलला, शर्टाला पुसला आणि तिच्या हातात दिला. हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला... की तिला तसं वाटलं? देव जाणे. शर्टावर मात्र पांढरा पट्टा उमटला होता आणि तो त्याच्या गावीही नव्हता.

यार्ड टकटकच्या आत्याचं. आत्या म्हणजे बोलायला फटकळ आणि हिशेबाला चोख. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसे आणि तिथूनच सगळ्या यार्डावर नजर ठेवी. फायबरच्या शेडचा कारभार आता कोणाकडे द्यायचा, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. पलीकडच्या यार्डातले मोठे मिस्त्री यायला तयार होते. आणि घरची ही भाची होती, जिनं आजवर कधी अख्खं काम एकटीनं केलं नव्हतं.

"आत्या, ही बोट मी करणार. एकटी," टकटक म्हणाली.

"कर की." आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. "पावसाच्या आत ती पाण्यात जाण्याजोगी झाली, तर शेडची किल्ली तुझी. नाहीतर मोठे मिस्त्री येतील आणि तू त्यांच्या हाताखाली. मग माझ्यासमोर रडायचं नाही."

"नाही रडणार."

"आणि त्या दातवाल्याशी फार गप्पा नकोत."

"आत्या!"

"मी काही म्हटलं का?" आत्या म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

टकटकनं वरचा थर कापला. खालून काळं, लिबलिबीत, वास मारणारं लाकूड निघालं. मूठ आवळली की त्यातून चहासारखं पाणी गळे. ती ते खरवडून काढत होती, तेवढ्यात संध्याकाळी दवाखाना बंद करून डॉक्टर आला. पहिल्या दिवशी 'सहज', दुसऱ्या दिवशी 'इकडूनच चाललो होतो', आणि तिसऱ्या दिवशी त्यानं कारण सांगायचंच सोडून दिलं.

"मी करू का मदत?"

"कपडे खराब होतील."

"दिवसभर लोक माझ्या अंगावर चुळा टाकतात. कपड्यांचं काय घेऊन बसलात!"

आणि खरं सांगायचं तर माणसाच्या हाताला वळण होतं. कोपऱ्यात, दोन थरांच्या मधल्या अरुंद फटीत, जिथे तिची पटाशी पोचत नव्हती, तिथे त्यानं आपली दात कोरायची वाकडी आकडी घालून कुजका भुगा असा अलगद काढला की ती बघतच राहिली. लाकडाशी बोलावं तसा तो पुटपुटत होता — "आलं... आलं... झालं हं, आता दुखणार नाही."

"लाकडाला काय सांगताय?"

"सवय हो." त्याचे कान लाल झाले.

दातांचा डॉक्टर लाजतो हे टकटकला नवीन होतं. तिला ते फार आवडलं. त्या संध्याकाळी पाण्यावर ऊन तिरकं पडलं होतं, दोर डोलकाठ्यांवर टिकटिक वाजत होते, आणि ती लाकडाकडे कमी आणि त्याच्या मनगटाकडे जास्त बघत होती. पटाशी बोटाला लागली तेव्हा कुठे भान आलं.

"दाखवा," तो म्हणाला.

"काही नाही, खरचटलंय."

"दाखवा म्हटलं ना." त्यानं तिचं बोट धरलं, फुंकर घातली, खिशातून कापूस काढला. त्याच्या खिशात कापूस असतोच म्हणे. "आ करा, असं म्हणणार होतो," तो म्हणाला, आणि दोघंही वेड्यासारखी हसली.

आत सगळं साफ झालं. आता कापलेल्या भागाच्या कडा सुकायच्या होत्या. टकटकनं दिवे लावले, पंखे लावले आणि ओलावा मोजायचं यंत्र आणून ठेवलं. लाकडावर टेकवलं की यंत्राचा काटा सांगे, अजून ओलं की कोरडं.

"सुकलं की मग?" त्यानं विचारलं.

"सुकलं की नवीन लाकूड बसवायचं, चिकटवायचं रेझिन ओतायचं, झाकण लावायचं. संपलं. बोट पाण्यात."

"आणि तुम्ही?"

"मी पुढच्या बोटीवर."

"हं," तो म्हणाला. आणि यंत्राच्या काट्याकडे बघत बसला. टकटकला वाटलं, दमला असेल बिचारा.

आणि इथून पुढे डेक सुकेना.

आधी कडा छान सुकत आल्या होत्या. मग एके सकाळी काटा परत ओल्याकडे झुकला. तिनं पंखे वाढवले. दुपारी काटा खाली आला, दुसऱ्या सकाळी पुन्हा वर. ऊन तर असं की उघड्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. वर हात लावला तर लाकूड कोरडं ठणठणीत, आणि यंत्र म्हणतंय आत ओल आहे! बरं, ती ओल आता पुढे सरकत होती, डोलकाठीच्या दिशेनं, जिथला डेक तिनं स्वतः ठोकून 'टक्' म्हणून सोडून दिला होता.

तिनं परत ठोकलं. टक्. यंत्र लावलं. ओलं. परत ठोकलं. टक्. झोप उडाली तिची.

"माझा कान म्हणतो चांगलं आहे," संध्याकाळी ती त्याला म्हणाली. तो थर्मासमधून चहा ओतत होता. "यंत्र म्हणतं नाही. अजून कुठूनतरी गळत असणार, आणि मला ऐकू येत नाहीये."

"घाई काय आहे?" तो चहाकडे बघत म्हणाला. "सुकेल सावकाश."

"घाई काय म्हणजे? पाऊस तोंडावर आलाय!"

"तुम्ही फार काळजी करता..." असं म्हणून त्यानं कप पुढे केला. चहा बशीत सांडला. एवढ्या स्थिर हातांच्या माणसाचा चहा का सांडावा, हा विचार तिच्या मनात आला असता तर पुढचं सगळंच टळलं असतं. पण माणूस आवडायला लागला की बाईमाणसाची अक्कल थोडी सुट्टीवर जाते. पुरुषांची तर आधीच गेलेली असते, हे पुढे दिसेलच.

दुसऱ्या दिवशी आत्या गुडघे धरत शिडीखाली येऊन उभी राहिली. "अगं, दगड वाळतील असं ऊन पडलंय आणि तुझं लाकूड वाळेना?"

"कुठेतरी अजून भोक आहे, आत्या."

"मग तुला ते ऐकू कसं आलं नाही?" आत्याला टोचून बोलायचं नव्हतं. नुसतीच विचारत होती. म्हणूनच ते जास्त लागलं. "मोठ्या मिस्त्रींना बोलावू का? एकदा बघून जातील."

"नको," टकटक म्हणाली. "मी बघते."

ती वर आली. डोलकाठीजवळ गुडघे टेकून बसली. एकदा ठोकलं, टक्. कानानं सांगितलं, बाई, इथे हात लावू नकोस. पण आता कानावर भरवसा ठेवायची तिची हिंमत नव्हती. तिनं कटर सुरू केला आणि थर कापला.

आतलं लाकूड सोनेरी होतं. कोरडं, घट्ट, नवं असल्यासारखं. बाल्साचे चौकोनी तुकडे एकमेकांशेजारी नीट बसलेले. फक्त दोन तुकड्यांमधल्या फटीत पाण्याची बारीक रेघ चमकत होती. कुजक्या डेकातून निघतं ते पाणी चहासारखं असतं. हे मात्र स्वच्छ होतं. पिण्याच्या पाण्यासारखं.

तिला त्या क्षणी त्याचा काही अर्थ लागला नाही. चांगला डेक कापला आपण, एवढंच तिला कळत होतं. हातातला तुकडा उचलून ती तशीच उन्हात बसून राहिली. रडणार नाही असं आत्याला सांगितलं होतं, म्हणून रडली नाही.

तो आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. थर्मास हातात, ओठांवर हसू, आणि पुढच्याच क्षणी ते हसू विरलं.

"हे... हे का कापलंत?"

"यंत्र म्हणालं ओलं. कान म्हणाला कोरडं. मी यंत्राचं ऐकलं." तिनं सोनेरी तुकडा त्याच्यापुढे धरला. "डॉक्टर, तुम्ही कधी कोणाचा चांगला दात उपटलाय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही."

"मी उपटला आज."

तो उभा होता तिथेच खाली बसला. थर्मास बाजूला ठेवला. मग खिशात हात घालून त्यानं एक छोटी पिचकारी काढली, पुढे वाकडी नळी असलेली, दातांच्या फटी धुवायला असते ती. ती त्यानं दोघांच्या मधे डेकवर ठेवली.

"पाणी मी घातलं," तो म्हणाला.

"काय?"

"रोज... तुम्ही पंख्याची वायर गुंडाळायला खाली जायचात तेव्हा. फटीत. जरासंच. मला वाटलं, एक दिवस जास्त लागेल, दोन दिवस लागतील. ते आत इतकं पुढे पळेल हे... मला नव्हतं माहीत."

टकटकच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"तू पाणी घातलंस?" अहो-जाहो कुठल्या कुठे उडालं. "तू? माझ्या डेकात? अरे का?"

"सुकलं असतं तर तुम्ही पुढच्या बोटीवर गेला असतात."

वाऱ्यानं कुठल्यातरी बोटीचं शीड फडफडलं. तो बोलत राहिला, खाली मान घालून. "दिवसभर माणसं माझ्यासमोर आ करून बसतात. पण बोलत कोणीच नाही. बोलताच येत नाही त्यांना. आणि तोंड मिटता आलं की पळतात. मला बघून कोणाला आनंद झाला असं होतच नाही. इथे यायचो तर तुम्ही... वरून ओरडायचात, 'आलात का, ती आकडी आणलीत का?' तेवढ्यासाठी मी दिवसभर..."

आता खरं काय ते सांगून टाकू. हे ऐकून टकटकच्या काळजानं एक टुणकन उडी मारली होती. त्याच उडीचा तिला जास्त राग आला. ज्या माणसासाठी ती रोज संध्याकाळी शिडीकडे डोळे लावून बसे, त्यानंच तिचा कान तिच्यापासून काढून घेतला होता.

"माझं काय झालं माहितीये?" ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "मला वाटलं माझा कान गेला. माझ्याकडे दुसरं आहे काय रे? रात्र रात्र जागले मी. चांगल्या लाकडाला कटर लावला. सगळ्या जगाला तोंड उघडायला लावतोस, आणि स्वतःचं एकदा उघडता आलं नाही तुला? 'तू आवडतेस', दोन शब्द! त्यासाठी बोट बुडवायला निघालास?"

"चुकलं माझं. फार चुकलं."

"जा इथून."

तो उठला. पण यार्डाच्या फाटकाकडे गेला नाही. पिचकारी उचलून तो सरळ ऑफिसच्या दारात, आत्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. चहाची वेळ होती, सगळे कामगार तिथेच होते. वरून टकटकला एकेक शब्द ऐकू येत होता.

"डेक सुकत नव्हता, कारण त्यात रोज मी पाणी घालत होतो. तिचा कान पहिल्यापासून बरोबर होता. तिनं कापलेलं लाकूड चांगलं निघालं, त्याचा दोष माझा. हे मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं."

कोणीतरी खुदकन हसलं. आत्यानं पिचकारी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं, मग वर बोटीकडे.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ती म्हणाली. "तुमचं तर भरतं. मग इथे कशाला कोरत बसलात?"

आत्यानं पिचकारी त्याच्या हातात परत ठेवली.

"बोट तुमची, पण यार्ड माझं. डेक बंद होईपर्यंत त्या शिडीला पाय लावायचा नाही. या आता."

"बरोबर आहे," तो म्हणाला. आणि गेला.

त्यानंतर डेक असा सुकला की विचारू नका. काटा खाली आला तो आलाच. टकटकनं नवीन बाल्सा मापानं कापला, रेझिन कालवलं, तुकडे एकेक करून बसवले, वर झाकण दाबलं आणि सगळीकडे वाळूच्या पिशव्या ठेवल्या. डोलकाठीजवळचा, चुकीनं कापलेला भाग तिनं सगळ्यांत शेवटी केला आणि सगळ्यांत जपून केला. बोल्टच्या भोकांभोवतीही तिनं रेझिनची कडी केली, म्हणजे पुन्हा कधी पाणी गेलंच तर लाकडापर्यंत पोचायला नको. घासून, रंगवून झाल्यावर आत्या गुडघ्यांना शिव्या देत वर आली आणि बोटाच्या पेरांनी सगळा डेक वाजवून बघितला. टक्, टक्, टक्. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"कुठला कापलेला आणि कुठला जुना, सांग बरं," टकटक म्हणाली.

आत्याला सांगता आलं नाही. तिनं कमरेची शेडची किल्ली सोडली आणि भाचीच्या खिशात टाकली.

त्याच दुपारी पाऊस आला. आला तो बदाबदा. सगळे शेडमध्ये पळाले आणि टकटक उलट बोटीच्या पोटात जाऊन बसली, टॉर्च घेऊन, छताकडे तोंड करून. डोक्यावर पाण्याचा नुसता धुमाकूळ चालला होता. आत एक थेंब नाही. जिथे खडूचे गोल होते तिथे नाही, डोलकाठीजवळ नाही, कुठेच नाही. आनंदानं ओरडावं असं काम झालं होतं. तिनं मान वळवली, "बघितलंत?" म्हणायला. आणि शेजारी कोणी नव्हतं.

तिला कळलं. रागही होता आणि तो माणूसही हवा होता, दोन्ही एकाच वेळी. राग आपोआप कमी होत होता. दुसरं काही कमी होत नव्हतं.

पाऊस थांबल्यावर आत्या म्हणाली, "मालकाला फोन कर. उद्या बोट पाण्यात सोडू."

"मी जाऊन सांगते."

"का, फोन बिघडलाय?"

"हो."

"आणि गाल का धरलायस?"

"दाढ दुखतेय."

"कधीपासून?"

"आत्तापासून," टकटक म्हणाली आणि निघाली. मागे आत्या हसली की खोकली, ते तिनं वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात गाल सुजलेली चार माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती. काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारलं, बसायला सांगितलं. आत्यासमोरही न सुटलेला टकटकचा धीर इथे सुटायला लागला. आत बोलावलं तेव्हा तो पाठ करून हात धूत होता.

"बसा. काय होतंय?" म्हणत तो वळला आणि टॉवेल हातातच राहिला.

"दाढ," ती म्हणाली.

"...हो. बसा ना. बसा."

ती खुर्चीवर आडवी झाली. त्यानं मास्क वर ओढला, दिवा खाली घेतला. आता फक्त डोळे दिसत होते आणि त्या डोळ्यांना कुठे बघावं ते समजत नव्हतं. "आ करा," तो अगदी हळू म्हणाला.

तिनं आ केलं. बराच वेळ तो बघत राहिला. ती खोटं दुखणं घेऊन आली होती, त्यामुळे आता काय निघणार याची तिला उत्सुकता होती.

"मागची दाढ किडलीये," तो म्हणाला. "थोडीच. भरावी लागेल."

टकटक उठूनच बसली. "खरंच?"

"खरंच."

"बाई गं..." तिनं गाल चाचपला. मग त्याच्याकडे नीट रोखून बघत विचारलं, "किती वेळा यावं लागेल?"

तो थांबला. दिव्याची मान उगाच इकडची तिकडे केली. तीन वेळा म्हणाला असता तरी तिला कळलं नसतं. पाच म्हणाला असता तरी ती आली असती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"एकदाच," तो म्हणाला. "आत्ता भरून देतो. परत यायची गरज नाही."

ती पुन्हा आडवी झाली, डोळे मिटले आणि आ केलं. त्यानं भूल दिली. गाल जड झाला, जीभ परक्याची वाटायला लागली. कापसाचे बोळे बसले, यंत्र गुणगुणायला लागलं. मधेच ते थांबलं.

"आत्ता तुम्हाला बोलता येत नाही," तो म्हणाला, "म्हणून मला बोलायचा धीर येतोय. पण... नको. तुम्हाला उत्तर देता येईल तेव्हाच बोलेन."

आणि त्यानं मुकाट्यानं दाढ भरली. झाल्यावर खुर्ची सरळ केली, तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, हातमोजे काढले, मास्क काढला. आता पळायला जागा नव्हती.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "बोट असली काय, नसली काय. डेक बंद झाला, दाढ बंद झाली, आता मला तुम्हाला भेटायला कुठलंही निमित्त उरलेलं नाही. तरी भेटायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

टकटकनं चूळ भरली. अर्धा ओठ बधिर होता, त्यामुळे हसू एकाच बाजूनं आलं आणि हनुवटीवरून पाणी ओघळलं. तिनं ते मनगटानं पुसलं.

"उद्या बोट पाण्यात सोडतोय, तेच सांगायला आले होते," ती अडखळत, जड जिभेनं म्हणाली. "उद्या कामाची गडबड असेल. उद्या माझ्याशी बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"परवा मला काहीच काम नाही." तिनं पेला खाली ठेवला. "परवा ये."

"कशाला?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"असाच ये," टकटक म्हणाली. "काही काम नसताना." त्यानं तिचा हात हातात घेतला.

बाहेरून बाईंनी दारावर टकटक केली, पुढचे पेशंट केव्हाचे थांबलेत म्हणाल्या. त्यानं "हो, पाठवा" म्हटलं, पण तिचा हात सोडला नाही. दार उघडून एक सुजलेला गाल आत आला, दोघांकडे बघितलं, आणि "चालू द्या, मला काही घाई नाही" असं बोबड्या आवाजात म्हणून परत बाहेर गेला.